उपासना कोण चालवतं? अहमदनगरच्या मंडळीतलं कीर्तन आणि एक संशोधनप्रश्न

चर्चच्या इतिहासावर काम करायचं ठरवलं की पहिला मोह होतो तो नावांच्या यादीचा. कुणाला कोणत्या साली दीक्षा मिळाली, कोणत्या मंडळीचा पाळक कोण, तो किती वर्षं राहिला. यादी सापडते, तक्ता होतो, प्रकरण भरतं. पण रविवारी माणसं जमल्यावर त्यांची उपासना प्रत्यक्षात कोण चालवत होतं, हे त्या तक्त्याला विचारून बघा. तो फारसं काही सांगत नाही.

आज याच प्रश्नाबद्दल लिहितोय. उदाहरण घेतलंय अमेरिकन मराठी मिशनचं. या मिशनचे पहिले मिशनरी फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि 1831 मध्ये अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) त्यांचं ठाणं सुरू झालं. 1842 पासून ‘ज्ञानोदय’ निघू लागला. म्हणजे कागदपत्रं भरपूर आहेत, आणि त्यांचा मोठा भाग आता स्कॅन होऊन घरबसल्या वाचता येतो. अडचण कागदांची नाहीच, त्यांना काय विचारायचं याची आहे.

आधी अधिकाराची बाजू बघू. हे मिशनरी बहुतांशी काँग्रिगेशनल परंपरेतले. या परंपरेत बिशप नसतो. मंडळी स्वतः पाळकाला बोलावते आणि तो तिचा होतो. अँग्लिकन चर्चमध्ये तसं नाही. तिथे बिशप दीक्षा देतो आणि प्रार्थनेचं छापील पुस्तक उपासनेचा क्रम ठरवतं. त्यामुळे ‘उपासना चालवणे’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरलात तर गोंधळ होईल. एकीकडे चालवणारा माणूस क्रम ठरवतो, दुसरीकडे क्रम त्याला चालवतो.

मिशनच्या बोस्टन कार्यालयाचे सचिव रूफस अँडरसन 1854-55 मध्ये भारतात येऊन गेले. स्थानिक मंडळीने स्वतःचा खर्च स्वतः उचलावा, कारभार स्वतः करावा आणि प्रसारही स्वतःच करावा, असा त्यांचा आग्रह होता. त्या भेटीच्या सुमारास हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना अहमदनगरमध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुस्तकांत हा टप्पा ठळक असतो: ‘नेतृत्व स्थानिकांच्या हाती आलं’. बरं, आलं. पण पाळक दोन, आणि खेडी किती? प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा यांसाठी दीक्षित माणूस लागायचा, पण दर रविवारची साधी प्रार्थना त्याच्यासाठी थांबून राहणार नव्हती. खेड्यापाड्यांत ती बहुतेकदा मिशनच्या शाळेतला मास्तर घ्यायचा. तोच मुलांना बाराखडी शिकवायचा आणि तोच पवित्र शास्त्र वाचून दाखवायचा. वार्षिक अहवालात मात्र तो ‘शिक्षक’ या रकान्यात बसतो. रकाने हे अहवाल लिहिणाऱ्याच्या सोयीचे असतात, हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा.

आता गाण्याकडे वळू, कारण माझ्या मते खरं उत्तर तिथे आहे.

सुरुवातीच्या गायनपुस्तकांत इंग्रजी गीतांची भाषांतरं असत आणि ती त्यांच्या मूळ इंग्रजी चालींवर म्हणायची असत. यात एक तांत्रिक भानगड आहे. इंग्रजी चाल आघातावर उभी असते, मराठी पद्य ऱ्हस्व-दीर्घावर. आघात जिथे पडतो तिथे मराठी शब्दातला ऱ्हस्व स्वर ताणावा लागतो आणि दीर्घ स्वर गिळावा लागतो. शब्द कानाला परका वाटू लागतो. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. असं गीत चार-पाच कडव्यांचं, प्रत्येक कडव्याचे शब्द वेगळे आणि सगळ्यांनी एकदम म्हणायचं. त्यासाठी हातात पुस्तक हवं आणि ते वाचता यायला हवं. ज्या मंडळीत वाचता येणारे मोजकेच होते, तिथे असं गीत कोण चालवणार? ज्याला इंग्रजी चाल येते तो: मिशनरी, त्याची पत्नी, किंवा त्यांच्या शाळेत शिकलेला तरुण. बाकीचे मागून ओढत येणार.

याउलट कीर्तन. 1860च्या दशकात अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळीत कीर्तनाचा प्रयोग सुरू झाला. त्यात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचं नाव पुढे येतं. त्यांची पदं पुढेही मराठी ख्रिस्ती उपासनेत गायली गेली. कीर्तनाची बांधणी तुम्हाला ठाऊक असेल: नमन, पूर्वरंगात एक वचन घेऊन निरूपण, मध्ये भजन, उत्तररंगात आख्यान, शेवटी आरती. ख्रिस्ती कीर्तनात वचन आणि आख्यान पवित्र शास्त्रातलं येतं, साकी-दिंडी-ओवी-अभंग त्याच राहतात. श्रोत्याला फक्त पालुपद धरायचं असतं, आणि ते दोनदा ऐकलं की पाठ होतं. पुस्तक नको, अक्षरओळख नको. इथे चालवणाऱ्याचं कामच बदलतं. तो गातो, बोलतो, थांबतो, समोरच्यांकडे बघून आख्यान लांबवतो किंवा आटोपतं घेतो. उपदेश आणि गायन अशी विभागणी उरत नाही. पुलपिटावरचा पाळक आणि पेटीवर बसलेली मॅडम अशी दोन माणसं जे काम वाटून घेत, ते एकटा कीर्तनकार उभ्याने करतो.

म्हणून माझं म्हणणं असं: उपासनेचं नेतृत्व कुणाकडे जातं हे दीक्षेइतकंच, कधी कधी दीक्षेपेक्षाही जास्त, गाण्याच्या बांधणीवर ठरतं. तुमच्या अभ्यासातली मंडळी नागालँडमधली असो की केरळातली, हा प्रश्न तिला लावून बघा.

इथे जात आलीच. अहमदनगर परिसरातल्या मंडळीत बहुसंख्य माणसं महार आणि मांग समाजातून आलेली होती. देवळातल्या कीर्तनाला या माणसांना आत प्रवेश नव्हता. हरिदासाची जागा तर फार दूरची गोष्ट, आणि ती मुख्यतः ब्राह्मणांकडे. चर्चमध्ये तेच कीर्तन आलं आणि ती उभं राहण्याची जागा, निदान तत्त्वतः, त्यांना मोकळी झाली. हे ‘देशीकरण’ या एका शब्दात गुंडाळलं की त्यातला जीव जातो. पण लगेच उलट टोकालाही जाऊ नका. ज्या परंपरेने बाहेर उभं केलं तिचीच गाणी इथे परत का ऐकायची, असं कुणाला वाटलं असेल तर ते समजण्यासारखं आहे. विलायती चालीचं गीत एखाद्याला परकं वाटेल. दुसऱ्याला तेच गावकीतून सुटल्याची खूण वाटेल. कीर्तन म्हणजे आपलं आणि पेटीवरचं गीत म्हणजे लादलेलं, ही वाटणी शहरी अभ्यासकाला आवडते. कीर्तनाच्या प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न विचारा: उभा कोण होता, बसलेले कोण होते, आणि नोंद लिहिणारा कोण होता?

नारायण वामन टिळकांबद्दल तुम्ही वाचलं असेलच. 1895 मध्ये बाप्तिस्मा, मग नगर-राहुरीचा काळ, शेकडो गीतं. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांच्या अभंगांनी ‘उपासना संगीत’ या गायनपुस्तकाचा तोंडवळाच बदलला. माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांचं महत्त्व वेगळं आहे. अभंग तोंडात बसतो. तो येणारी कुणीही आजी, हाती टाळ नसला तरी, घरात किंवा शेतात प्रार्थना सुरू करू शकते. गीत लिहिणारा माणूस अशा रीतीने चालवणाऱ्यांची संख्या वाढवतो, आणि ती संख्या कुठल्याही रजिस्टरमध्ये येत नाही.

बायकांचं नाव निघालंच आहे तर केडगावकडे बघा. 1884च्या सुमारास इंग्लंडात पंडिता रमाबाईंनी मुलग्यांना शिकवावं का, यावरून चर्चच्या वरिष्ठांनी हरकत घेतली होती. त्याच रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली पुनरुज्जीवन झालं, तेव्हा शेकडो मुली आणि बायका एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत होत्या. तिथे पुढे उभा राहून चालवणारा पाळक हा प्रकारच मागे पडला. याच्या नोंदी ‘मुक्ती प्रेयर बेल’ या इंग्रजी पत्रिकेत मिळतात. ती परदेशी हितचिंतकांसाठी निघायची, हे विसरून वाचू नका.

साधनांबद्दल थोडं. मिशनचे अहवाल सभासदांचा आणि बाप्तिस्म्यांचा आकडा देतात, गाणं कसं झालं ते क्वचितच. त्यासाठी गायनपुस्तकं काढा, आणि गीत वाचण्याआधी वर छापलेली ‘चाल’ वाचा. एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून इंग्रजी चाली किती कमी झाल्या आणि देशी किती वाढल्या, एवढं मोजलंत तरी एक शोधनिबंध उभा राहतो. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ (1934-37) घरातल्या आणि गावातल्या उपासनेचं जे सांगते ते अहवालांत नाही. ती खूप वर्षांनी, हसत-हसवत लिहिलेली आठवण आहे, म्हणून तारखांसाठी तिच्यावर विसंबू नका. कोण कुठे बसलं होतं यासाठी जरूर विसंबा. विन्स्लो यांचं टिळकांवरचं इंग्रजी चरित्र (1923) प्रेमाने लिहिलेलं आहे, पण ते एका अँग्लिकन मिशनऱ्याचं आहे आणि त्याला स्वतःच्या चर्चची उपासना बदलायची होती. तेवढा चष्मा त्याच्यावर आहे.

एक जागा अजून मोकळी आहे, कुणाला विषय हवा असेल तर. 1917 मध्ये टिळक मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला गेले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही प्रवेश होता. दोन वर्षांत, 9 मे 1919ला, ते वारले. बाप्तिस्मा न घेतलेला माणूस दरबारात प्रार्थना सुरू करू शकत होता का? केली, तर मिशनच्या दृष्टीने ती उपासना होती का? दरबारावर लिहिणारे त्याच्या धर्मविचारावर लिहितात. तिथे रोज संध्याकाळी नेमकं काय होत असेल आणि पहिलं पद कोण म्हणत असेल, इथून सुरुवात करून बघा.