अर्बिल : पांढरीवरचे नगर

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात : काळी आणि पांढरी. काळी कसण्यासाठी आणि पांढरी राहण्यासाठी. पांढरीवरची मातीची घरे पडतात आणि त्यांच्याच मातीवर नवी उभी राहतात. चुलीची राख, फुटकी खापरे, जनावरांची हाडे त्या मातीत मिसळत जातात आणि पाहता पाहता गावाखालची जमीन उंच होते. गोदावरी-प्रवरेच्या काठी अशी पांढरीची टेकाडे पुष्कळ आहेत. पण त्यांतील कित्येकांवर आज गवत माजले आहे आणि गुराखी सोडला तर तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. आज ज्या नगराविषयी बोलावयाचे आहे, त्याची पांढर मात्र तीस मीटर उंच आहे, माथ्यावर तिचा विस्तार सुमारे पंचवीस एकर आहे, आणि आपल्या शतकाच्या आरंभापर्यंत तिच्यावर चुली पेटत होत्या.

हे नगर उत्तर इराकमधील अर्बिल. कुर्द लोक त्याला हेवलेर म्हणतात. कुर्द म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डोंगर उभा राहतो. डोंगरावाचून आपल्याला मित्र नाही, असे ते स्वतःच म्हणतात. तरी त्यांच्या राजकीय जीवनाचे केंद्र झालेले हे शहर डोंगरात नाही. मोठी झाब आणि धाकटी झाब या दोन नद्यांच्या मधल्या सपाट, गव्हाच्या मैदानात ते वसले आहे. त्या मैदानात स्वाभाविक अशी उंच जागा नव्हती, ती माणसांनी राहून राहून तयार केली.

सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या सुमेरी लेखांत या गावाचा उल्लेख उर्बिलुम असा येतो, आणि तोही उर नगराच्या राजांनी त्याच्यावर केलेल्या स्वाऱ्यांच्या निमित्ताने. पुढे अश्शूरी लेखकांनी त्या नावाचा अर्थ ‘चार देवांचे गाव’ असा लावला. व्युत्पत्ती बहुधा ओढूनताणून आणलेली असावी. परंतु गाव देवाचे होते हे खरे. तेथील इश्तार देवीचा लौकिक इतका मोठा होता की तिच्या अंगात येणाऱ्या स्त्रियांनी उच्चारलेली वचने अश्शूरी राजे मातीच्या पाट्यांवर लिहवून जपून ठेवीत. बापाच्या खुनानंतर, इ. स. पू. ६८१ मध्ये, भावांशी झगडून गादी मिळवणाऱ्या एसरहद्दोन राजाला ‘भिऊ नकोस’ असे अभय मिळाले ते या देवीकडून. बलाढ्य सम्राटाला धीर द्यावयाचा तो कोणा अनोळखी बाईच्या मुखातून, यात आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही.

त्याच एसरहद्दोनचा बाप सेन्नाखेरिब. त्याने उत्तरेकडच्या डोंगरातील तीन ओढ्यांचे पाणी एकत्र करून इश्तारच्या या नगराला आणले. तसे त्याने बास्तोरा येथे पाण्याच्या मुखाशी दगडावर कोरून ठेवले आहे. पाण्याची वाट काही अंतर भुयारातून जाते. मलिक अंबराची नहर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. गहू, पाणी आणि मोसुलहून किर्कुककडे व पुढे बगदादकडे जाणारी वाट या तीन गोष्टींनी हे गाव जगवले. अश्शूर नगर इ. स. पू. ६१४ मध्ये पडले, निनवे ६१२ मध्ये. त्या राजधान्यांची वैभवे मातीखाली गेली. अर्बिल मात्र मातीवरच राहिले. त्याला राजधानीचा मान नव्हता, हेच कदाचित त्याच्या पथ्यावर पडले असेल.

जगाच्या इतिहासात त्याचे नाव गाजले ते मात्र थोड्याशा गैरसमजाने. इ. स. पू. ३३१ मध्ये सिकंदराने दारयवहूचा पराभव केला, ती लढाई ‘अर्बेलाची लढाई’ म्हणून प्रसिद्ध आहे. प्रत्यक्षात ती बऱ्याच दूर, गौगमेला नावाच्या खेड्याजवळ झाली. एरियन हा इतिहासकार स्पष्टच सांगतो की गौगमेला हे नगर नव्हे, खेडे, त्याचे नावही कानाला गोड नाही. म्हणून लोकांनी मोठ्या नगराचे नाव लढाईला दिले. इराणी सैन्यात हिंदी लोक होते आणि त्यांच्याबरोबर सुमारे पंधरा हत्ती होते, हेही एरियननेच नोंदविले आहे. पराभवानंतर दारयवहू अर्बिलला आला आणि तेथून डोंगरांकडे निसटला. मागोमाग आलेल्या सिकंदराला खजिना सापडला, राजाचा रथ, ढाल आणि धनुष्य सापडले. राजा सापडला नाही.

पुढच्या हजार वर्षांत येथे यहुदी धर्म स्वीकारणारे राजघराणे झाले, ख्रिस्ती बिशप झाले, नंतर इस्लाम आला. तो सारा काळ ओलांडून मी बाराव्या शतकाशी थांबतो; कारण अर्बिलचा स्वभाव मला तेथे दिसतो. इ. स. ११९० पासून १२३३ पर्यंत येथे मुजफ्फरुद्दीन गोकबोरी याचे राज्य होते. हा तुर्कमान, सलाहुद्दीनचा मेहुणा, हत्तीनच्या लढाईत लढलेला शिपाई. पण गावाने त्याला लक्षात ठेवले ते आंधळ्यांसाठी आणि अनाथांसाठी बांधलेल्या आश्रमांमुळे, आणि पैगंबर-जयंतीच्या उत्सवामुळे. बगदाद-मोसुलपासून विद्वान, सूफी आणि गवई त्यासाठी येत. लाकडी मंडप उभारले जात आणि राजा रोज ते पाहत फिरे. जन्मतिथी आठवी की बारावी याबद्दल पंडितांत मतभेद होता. तेव्हा हा गृहस्थ एका वर्षी आठवीला उत्सव करी आणि दुसऱ्या वर्षी बारावीला. वाद मिटवण्याची याहून शहाणी रीत मला तरी ठाऊक नाही. हे सर्व सांगणारा इब्न खल्लिकान १२११ मध्ये याच गावी जन्मला. पुढे तो दमास्कसचा काजी झाला आणि त्याचा चरित्रकोश अरबी विद्येचा एक आधारस्तंभ मानला जातो. गोकबोरीच्या मदरशाचा एकाकी मिनार अजून शहरात उभा आहे.

राजा वारला आणि तीनच वर्षांत मंगोल आले. १२३६ मध्ये त्यांनी पायथ्याचे गाव लुटले, पण टेकडीवरचा किल्ला त्यांच्या हाती लागला नाही. दुसऱ्या खेपेस, बगदाद पडल्यानंतर, तोही पडला. नगराचा इतिहास लिहिणारा इब्न अल्-मुस्तौफी पहिल्या वेढ्यानंतर मोसुलला गेला आणि तेथेच वारला. आज किल्ल्याच्या दरवाजाशी त्याचा बसलेला पुतळा आहे. पुढे उस्मानी सत्तेखाली शतके गेली. मध्येच १७४३ मध्ये नादिरशहाने हे गाव घेतले, म्हणजे दिल्ली लुटल्यावर चार वर्षांनी.

किल्ला म्हटला तरी त्याला वेगळा तट नाही. कडेच्या घरांच्या भिंती एकमेकींना जोडून तट झाला आहे. आत तीन पेठा : प्रतिष्ठितांची सराय, दर्वेशांच्या मठांवरून नाव पडलेली तकिया, आणि कारागीर-शेतकऱ्यांची तोपखाना. येथील जुन्या घराण्यांत तुर्कमान पुष्कळ होते. विसाव्या शतकात सुखवस्तू कुटुंबे रुंद रस्त्यांसाठी आणि मोठ्या घरांसाठी खाली उतरली. त्यांच्या रिकाम्या वाड्यांत गरीब आले, आणि बगदादच्या सरकारने उद्ध्वस्त केलेल्या कुर्द खेड्यांतले निर्वासित आले. वाड्याच्या एकेका दालनात एकेक बिऱ्हाड राहू लागले. छपरे गळू लागली, सांडपाणी टेकडीत मुरू लागले.

१९९२ मध्ये कुर्दांची पहिली निवडून आलेली विधानसभा याच शहरात भरली. त्या नव्या शासनाने २००७ मध्ये दुरुस्तीसाठी किल्ला रिकामा केला. आठशेहून अधिक कुटुंबे खाली गेली. त्यांना जमीन आणि पैसे मिळाले. वस्तीची परंपरा खंडित झाली असे कोणी म्हणू नये, म्हणून एक कुटुंब मुद्दाम वर ठेवले. दुरुस्ती अपरिहार्य होती, हे मी मान्य करतो. तथापि जी टेकडी पडझडीतून आणि पुन्हा बांधण्यातून वाढली, ती आता आहे त्या उंचीवर थांबली, हेही खरे. आणि सहा हजार वर्षांच्या वस्तीचा भार एका बिऱ्हाडावर टाकणे मला काहीसे क्रूर वाटते.

जून २०१४ मध्ये किल्ल्याचे नाव जागतिक वारशाच्या यादीत लागले. त्याच ऑगस्टमध्ये ‘इस्लामिक स्टेट’च्या टोळ्या शहरापासून थोड्याच अंतरावर येऊन ठेपल्या, आणि निनवेच्या मैदानातली हजारो ख्रिस्ती कुटुंबे रातोरात अर्बिलच्या आश्रयाला आली. अंकावा या उपनगरातील चर्चच्या अंगणांत, बागांत, अर्धवट बांधलेल्या इमारतींच्या उघड्या मजल्यांवर त्यांनी चुली मांडल्या. टेकडीवरच्या वाड्यांत त्या वेळी दुरुस्ती चालू होती.