थरावर थर

अजिंठ्याची लेणी सोयगाव तालुक्यात येतात, हे बऱ्याच पर्यटकांच्या गावीही नसतं. पहिल्या लेण्यात सगळे पद्मपाणीपुढे थांबतात. तिथेच मान वर करून छत पाहावं. परदेशी पाहुण्यांची मैफल रंगलीय: डोक्याला टोपी, अंगात लांब बाह्यांचा अंगरखा, हातात मद्याचा प्याला आणि पायांत चक्क पट्ट्यापट्ट्यांचे मोजे. खाली भिंतीवरचे राजे मात्र उघड्या अंगाने, दागिन्यांवर भागवतात.

या पाहुण्यांचा संबंध इराणचा राजा खुश्रू आणि चालुक्य राजा पुलकेशी यांच्याशी आहे, असं एकोणिसाव्या शतकात सांगितलं गेलं. आता बहुतेक अभ्यासक हे लेणं वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं, म्हणजे पाचव्या शतकातलं मानतात. त्यामुळे सातव्या शतकातला पुलकेशी बाद झाला. पाहुणे आणि मोजे राहिले.

शिवलेले कपडे एकावर एक चढवण्याची ही तऱ्हा मध्य आशियातल्या घोडेस्वारांची. भरधाव घोड्यावर नुसतं पांघरूण टिकत नाही. मथुरेच्या संग्रहालयातला कुषाण राजा कनिष्काचा शिर तुटलेला पुतळा पाहा: आत अंगरखा, वर पायघोळ कोट, पायांत जाडजूड बूट. तेही मथुरेत!

आपल्याकडे थर आले ते गोधडीत. जुनी लुगडी-धोतरं एकावर एक पसरून धावदोरा घातला की झालं. ऊब असते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेची, म्हणून विरलेली लुगडीही चालतात. धनगरी घोंगडीचं काम याहून वरचं. तिची खरखरीत लोकर भिजली तरी बरीच ऊब धरून ठेवते.

थरांची हीच युक्ती गिर्यारोहकांचीही. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर हरवलेल्या गिर्यारोहक मॅलरीचा देह १९९९ मध्ये सापडला, तेव्हा अंगावर रेशीम, सूत आणि लोकरीचे पातळ थर होते, वर गॅबर्डिनचं जाकीट. तसेच कपडे नव्याने शिवून २००६ मध्ये एव्हरेस्टच्या उतारावर घालून पाहिले. हलके आणि उबदार निघाले.

सोयगावात थरांची ही विद्या खरी लागते ती पौषात, गव्हाला पाणी भरताना. पंपाची थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्री येते. फावड्याने दांड फोडायचा, वाफा भरला की बुजवायचा. अंगाला घाम फुटतो. मग दुसरा वाफा भरेपर्यंत नुसतं उभं राहायचं, आणि ओलं बनियन पाठीला बर्फासारखं चिकटतं. कापूस पिकवणाऱ्या तालुक्यात बोलू नये, पण घामाच्या कामाला सुती बनियन वाईट. सूत पाणी धरून बसतं. क्रिकेटची पॉलिस्टरची जर्सी लवकर वाळते, ती आत घालावी. वर स्वेटर, त्यावर वारा अडवायला रेनकोट. डोक्याला माकडटोपी, तिचं इंग्रजी नाव १८५४ ची लढाई झालेल्या क्रिमियातल्या बालाक्लावा गावाचं. फावडं हातात घेताना स्वेटर काढायचा आणि काम थांबताच चढवायचा. बहुतेकजण नेमकं उलट करतात.