उतारावर कॅरॅव्हॅन ट्रेलर गाडीपासून सोडवताना

महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, पण सह्याद्रीत सपाट जागा कुठून आणणार? गाडीचा हँडब्रेक ट्रेलरला जोडलेला असेपर्यंतच धरतो. दहाला एक अशा चढावर (घाटकोपरच्या टेकडीवरच्या गल्ल्या आठवा) १५०० किलोच्या ट्रेलरची खाली ओढ साधारण १५० किलो असते.

म्हणून आधी दोन्ही चाकांना उताराच्या बाजूने ठोकळे घट्ट बसवा. दगड मला पटत नाही, घरंगळतो. मग ड्रायव्हरने ब्रेक हळूच सैल करून भार ठोकळ्यांवर येऊ द्यायचा. ट्रेलर जागचा हलला नाही, तरच गाडीचा ब्रेक पुन्हा ओढा, ट्रेलरला स्वतःचा असेल तर तोही. त्यानंतर पुढचा जॅक टेकवून कपलर उचला. सेफ्टी चेन सर्वांत शेवटी. खालच्या बाजूला कुणीच उभं राहायचं नाही, ‘जरा धरतो’ म्हणणारा मित्र तर नाहीच.