साहेब बाहेर गेल्यावर काय होतं?

बोईसरच्या एमआयडीसीत कुठल्याही शिफ्टवाल्याला विचारा, तुमचा मॅनेजर कसा आहे? एक म्हणेल, "लय कडक." दुसरा म्हणेल, "आम्हाला विचारून ठरवतो." तिसरा म्हणेल, "आम्हाला दिसतच नाही." १९३९ च्या सुमारास कुर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत शाळकरी मुलांच्या गटांवर प्रयोग करून नेतृत्वाचे हेच तीन प्रकार मांडले. हुकूमवाला खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं, सल्लामसलतवाल्याच्या मागे मात्र चालू राहायचं, असं त्यांना दिसलं.

आता ही कसोटी आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाला लावून बघा.

१९४५ पर्यंत इथे जमीनदार-सावकाराचा हुकूम चालायचा. वेठबिगार आणि लग्नगडी या पद्धतींत वारली फुकट राबायचा, तो माराच्या धाकाने. २३ मे १९४५ ला झरीच्या परिषदेत हजारो वारल्यांनी वेठ करायची नाही असं ठरवलं. गोदावरी परुळेकर पाड्यापाड्यांत फिरल्या, झोपड्यांत राहिल्या, पण निरोप गावोगाव पोचवला तो वारल्यांनीच. पुढे गवतकापणीचा संप झाला. मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे साथी गेले. परुळेकर पतिपत्नींना जिल्ह्याबाहेर काढलं. तरी संप मोडला नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात. ताराबाईंनी आईबापांना दोष दिला नाही, बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळाही निघाली. या सगळ्यात अनुताई वाघ पहिल्यापासून बरोबरीने होत्या. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या, पण काम थांबलं नाही. १९९२ ला शेवटचा श्वास घेईपर्यंत अनुताईंनी ते चालवलं.

कोणी म्हणेल, कारखाना म्हणजे चळवळ नव्हे. कबूल. गॅस सुटला की मीटिंग भरवत नाहीत, तिथे हुकूमच हवा. पण गॅस सुटण्याच्या आधीचं काय? रात्रपाळीला रिअ‍ॅक्टरचं तापमान चढताना पहिल्यांदा दिसतं ते ऑपरेटरला, बऱ्याचदा कंत्राटी पोराला. "साहेबांना उठवलं तर शिव्या बसतील" म्हणून तो गप्प बसला, तर किंमत अख्खी पाळी मोजते, शेजारचं गावही मोजतं. वेळेत बॅच थांबवायची मुभा त्याला दिवसाउजेडीच, सगळ्यांदेखत दिलेली असली पाहिजे.

मंडळी, तुमच्या प्लांटमध्ये साहेब घरी गेल्यावर काम थांबवायचा अधिकार कोणाला आहे? कंपनीचं नाव नको, अनुभव लिहा.