'इम्पीच' झाले म्हणजे खुर्ची गेली का? 'इम्पीच' आणि 'रिमूव्ह' यांतला फरक समजून घ्या

'अमुक राष्ट्राध्यक्ष इम्पीच झाले' अशी बातमी आली की अनेक जण 'त्यांना हटवलं' असं लिहून ती पुढे पाठवतात. पण हे दोन शब्द सारखे नाहीत.

इम्पीच म्हणजे काय?

पदावरील व्यक्तीवर अधिकृतपणे आरोप ठेवणे. न्यायालयात आरोपपत्र दाखल होते, तसाच हा टप्पा. अमेरिकेत हे काम प्रतिनिधीगृह करते आणि त्यासाठी साधे बहुमत पुरते.

मग रिमूव्ह कधी होते?

आरोपांची सुनावणी सिनेटमध्ये होते. तिथे हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश जणांनी दोषी ठरवले, तरच पद जाते.

आतापर्यंत काय झाले?

अँड्र्यू जॉन्सन (1868), बिल क्लिंटन (1998) आणि डोनाल्ड ट्रम्प (2019 आणि 2021) हे तिघे राष्ट्राध्यक्ष इम्पीच झाले. सिनेटने एकालाही दोषी ठरवले नाही. जॉन्सन तर अवघ्या एका मताने वाचले. 2021 मध्ये ट्रम्प यांच्या विरोधात 57 मते पडली, हवी होती 67. रिचर्ड निक्सन यांचे नाव या यादीत अनेकदा घेतले जाते, पण प्रतिनिधीगृहात मतदान होण्याआधीच, ऑगस्ट 1974 मध्ये, त्यांनी राजीनामा दिला होता.

दक्षिण कोरियात मात्र दोन्ही टप्पे पूर्ण झाले. पार्क ग्युन-हे यांना संसदेने डिसेंबर 2016 मध्ये इम्पीच केले आणि घटनात्मक न्यायालयाने मार्च 2017 मध्ये पदावरून हटवले.

भारतात काय?

राज्यघटनेच्या इंग्रजी मजकुरात 'इम्पीचमेंट' हा शब्द राष्ट्रपतींसाठी आहे (कलम 61). सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठी कलम 124 मध्ये 'रिमूव्ह' म्हटले आहे. बोलताना आणि बातम्यांत मात्र दोन्हींना सर्रास 'महाभियोग' म्हणतात. न्यायाधीशांना हटवण्याचा प्रस्ताव दोन्ही सभागृहांत विशेष बहुमताने मंजूर व्हावा लागतो. 2011 मध्ये न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा प्रस्ताव राज्यसभेत मंजूर झाला, पण लोकसभेत मतदान होण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला.

थोडक्यात, इम्पीच म्हणजे आरोप, रिमूव्ह म्हणजे पदावरून दूर करणे. त्यामुळे पुढच्या वेळी 'हटवलं' असं लिहून बातमी शेअर करण्याआधी एकच गोष्ट तपासा: फक्त आरोप ठेवलेत, की निकालही लागलाय?