छतावरचा सूर्य आणि मीटरचा हिशोब

ऊन फुकट आहे, मग उन्हापासून मिळणारी वीज फुकट का नाही? सौरघटाचा धडा शिकवताना हा प्रश्न हमखास येतो. उत्तर शोधण्यासाठी आपल्याला आधी एका प्रयोगशाळेत आणि मग घरातल्या विजेच्या मीटरपाशी जावे लागेल.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डॅरिल चॅपिन एका साध्या अडचणीवर काम करीत होते. उष्ण, दमट प्रदेशांत टेलिफोन यंत्रणेचे कोरडे घट लवकर खराब होत. त्यांनी सेलेनियमचे सौरघट तपासले, पण प्रकाशऊर्जेचा अर्धा टक्काही भाग विजेत बदलत नव्हता. जेराल्ड पिअरसन आणि कॅल्विन फुलर यांच्या सिलिकॉनवरील कामाची जोड मिळाली आणि २५ एप्रिल १९५४ रोजी सुमारे ६ टक्के कार्यक्षमतेचा सौरघट जगासमोर आला. त्या विजेवर खेळण्यातला पाळणा फिरवून दाखवला गेला.

आता घरेही उजळतील असे अनेकांना वाटले. १९५६ साली चॅपिन यांनीच हिशोब मांडला. एक वॅट देणारा घट २८६ डॉलरला पडत होता. एका घराला ५,००० वॅट धरले तर खर्च १४,३०,००० डॉलर! बिल वाचवण्याची गोष्टच नको. उपग्रहाला मात्र हा घट परवडला, कारण अवकाशात विजेची तार पोचत नाही. १९५८ मध्ये व्हॅनगार्ड-१ उपग्रह सौरघट घेऊन गेला. पुढे १९७० च्या दशकात एलियट बर्मन यांनी कमी शुद्ध सिलिकॉन वापरून किंमत वॅटला सुमारे २० डॉलरवर आणली. आज ती अर्ध्या डॉलरच्याही खाली आहे.

पण दुसरी अडचण उरलीच. ऊन दुपारी असते आणि दिवे रात्री लागतात. गास्ताँ प्लांते यांनी १८५९ साली शोधलेला शिसे-आम्ल संचायक घट जड असतो आणि काही वर्षांतच बदलावा लागतो. यावर एक युक्ती निघाली ती मीटरमधून. जुन्या मीटरमधील ॲल्युमिनियमची चकती वीज घरात आली की पुढे फिरते, आणि घरातून बाहेर गेली की उलटी. दुपारी उलटी, रात्री सुलटी. बिल फक्त फरकाचे. हेच नेट मीटरिंग. मिनेसोटा राज्याने १९८३ साली त्याचा कायदा केला, कॅलिफोर्नियाने १९९५ साली.

मुलांना फळ्यावर एक उदाहरण देता येईल. समजा, घराला दिवसाला १२ युनिट लागतात, दर ८ रुपये. छतावर १२ युनिट तयार होतात. त्यांतली ४ दुपारी वापरली, ८ बाहेर गेली आणि रात्री ८ परत घेतली. छतावर पॅनेल नसते तर बिल ९६ रुपये; नेट मीटरिंगमध्ये शून्य. आता बॅटरी आणू. तिच्यात ८ युनिट भरली आणि ७ परत मिळाली, तर एक युनिट विकत घ्यावे लागेल. म्हणजे बॅटरीने बिल ८ रुपयांनी वाढवले! वीजकंपनीची तारच आपली फुकटची बॅटरी होती.

पण खांब, तारा आणि रोहित्रांचा खर्च कोणी द्यायचा? ज्यांना छत नाही, पॅनेल घेण्याइतके पैसे नाहीत, त्यांच्यावर हा भार पडतो, असे एका बाजूचे म्हणणे. स्वच्छ वीज देणाऱ्यांना मोबदला हवाच, असे दुसऱ्या बाजूचे. वाद बरीच वर्षे चालला. अखेर १५ एप्रिल २०२३ नंतर अर्ज करणाऱ्यांसाठी कॅलिफोर्नियाने बाहेर दिलेल्या विजेचा मोबदला सरासरी सुमारे ७५ टक्क्यांनी घटवला.

आपल्या उदाहरणात बाहेर दिलेल्या युनिटला २ रुपये धरू. बिल ६४ वजा १६, म्हणजे ४८ रुपये. बॅटरी असेल तर ८ रुपयेच. रोजची बचत ४० रुपये, वर्षाची १४,६००. बॅटरीच्या किमतीला या आकड्याने भागले की पैसे किती वर्षांत फिटतील ते कळते. ही वर्षे बॅटरीच्या आयुष्यापेक्षा कमी असली, तरच फायदा. १९९१ साली बाजारात आलेल्या लिथियम-आयन घटांची किंमत पुढील तीन दशकांत नव्वद टक्क्यांहून अधिक उतरली, म्हणूनच हा भागाकार आज करून पाहण्याजोगा झाला. कॅलिफोर्नियात नव्या सौरघरांबरोबर बॅटरी घेणारे झपाट्याने वाढले ते याच कारणाने.

महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे विनियम २०१५ साली केले. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान ठरले. त्यामुळे हा प्रश्न आता आपल्या विद्यार्थ्यांच्या घरांतही विचारला जाईल. तेव्हा त्यांना घरचे वर्षभराचे बिल आणायला सांगावे. दुपारी किती युनिट लागतात, रात्री किती, आणि बाहेर दिलेल्या युनिटला काय मिळते, हे तीन आकडे हाती आले की जाहिरातीवर विसंबण्याची गरज उरणार नाही. चॅपिन यांनी आपल्याच शोधाचा हिशोब तपासला होता. आपणही आपल्या छताचा तपासू.