कॉम्प्युटरची डिग्री नाही, तरी आयटीत नोकरी: वाट कोणती, खड्डे कुठे?

पिपरी मेघेत आमच्या ओळखीचे एक भाजीविक्रेते आहेत. त्यांची मुलगी आमची माजी विद्यार्थिनी, भौतिकशास्त्र घेऊन बीएससी झालेली. गेल्या जूनमध्ये ते एका क्लासचा फॉर्म घेऊन आमच्याकडे आले. सहा महिन्यांचा कोर्स, नव्वद हजार फी, वर मोठ्या अक्षरांत 'नोकरीची शंभर टक्के हमी'. रोख नसेल तर कर्ज करून देऊ, हप्ते नंतर फेडा, असेही क्लासवाल्यांनी सांगितले होते. "मास्टरसाहेब, मुलीच्या अम्मीचे दागिने विकून पैसे भरू का?" एवढेच त्यांनी विचारले.

दरवर्षी निकालाच्या हंगामात हा प्रश्न वेगवेगळ्या घरांतून येतो. शेजारी सेवाग्रामला इंजिनियरिंग कॉलेज आहे, पण प्रत्येक घराला ते जमत नाही. कुणी बीए झालेले असते, कुणी बीकॉम, कुणी बारावीनंतर दुकानात बसलेले. म्हणून आम्हाला जे माहीत आहे ते एकत्र लिहून काढत आहोत.

थोडक्यात उत्तर असे: कॉम्प्युटरची डिग्री नसताना आयटीत जाता येते, पण ती जागा पैशाने विकत मिळत नाही. वर्ष-दीड वर्षाचा नियमित अभ्यास आणि स्वतः करून दाखवलेले काम, हीच तिची किंमत आहे. घरच्यांना खर्च करायचाच असेल, तर तो मुलांना वेळ मिळवून देण्यासाठी करावा, हमीच्या कागदासाठी नाही.

आधी दोन गैरसमज

पहिला गैरसमज एमएस-सीआयटीचा. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००१ मध्ये सुरू केलेला हा कोर्स कॉम्प्युटर वापरायला शिकवतो. अनेक सरकारी पदांना तो लागतो, म्हणून जरूर करावा. पण सॉफ्टवेअरच्या कंपनीत केवळ त्याच्या जोरावर कुणी घेत नाही.

दुसरा गैरसमज असा की आयटी म्हणजे फक्त प्रोग्रामिंग. प्रोग्रामर लागतातच, पण तयार सॉफ्टवेअर तपासणारे टेस्टर, ग्राहकांच्या अडचणी सोडवणारे टेक्निकल सपोर्टवाले, नेटवर्क आणि सर्व्हर सांभाळणारे, आकडेवारीतून अहवाल काढणारे डेटा अ‍ॅनालिस्ट, वेबसाइटचे डिझाइन करणारे, असे बरेच लोक लागतात. यातल्या काही कामांत नव्या माणसाला शिरकाव तुलनेने सोपा असतो.

आपल्याच महाराष्ट्रातली दोन उदाहरणे

विप्रोचे नाव सगळ्यांनी ऐकलेले असते. तिचा जन्म जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरचा, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी १९४५ मध्ये तिथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला. त्याचे नाव 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स', आणि त्याचेच आखूड रूप म्हणजे विप्रो. १९६६ मध्ये वडिलांचे निधन झाले, तेव्हा अझीम प्रेमजी २१ वर्षांचे होते आणि अमेरिकेत स्टॅनफर्डला इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग शिकत होते. शिक्षण अर्धवट टाकून ते परतले. तूप-साबणाची ही कंपनी पुढे कॉम्प्युटरच्या धंद्यात उतरली.

प्रेमजींना कारखाना वारशाने मिळाला होता, तेव्हा आपल्या मुलांनी त्यांच्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. याच कंपनीने १९९५ मध्ये बिट्स पिलानीसोबत एक योजना सुरू केली. इंजिनियर नसलेल्या विज्ञान पदवीधरांना नोकरीवर घ्यायचे आणि नोकरी करता करता पुढची पदवी द्यायची. म्हणजे डिग्री इंजिनियरिंगची नसली तरी माणूस शिकवून तयार होतो, हे मोठ्या कंपनीने तीस वर्षांपूर्वीच मान्य केले होते.

दुसरे उदाहरण बीड जिल्ह्यातल्या दादासाहेब भगत यांचे. आयटीआय करून ते पुण्यात आले आणि इन्फोसिसच्या गेस्टहाउसमध्ये पाहुण्यांची सेवा करण्याच्या कामाला लागले. आसपासचे लोक कॉम्प्युटरवर काय करतात याची त्यांनी चौकशी केली. आपल्याकडे डिग्री नाही, पण ग्राफिक डिझाइनमध्ये कसब पाहतात, हे त्यांना कळले. आधी डिझाइन आणि अ‍ॅनिमेशन, नंतर पायथन आणि सी प्लस प्लस असे शिकत त्यांनी स्वतःची कंपनी काढली. 'शार्क टँक इंडिया'मध्ये तिला गुंतवणूकही मिळाली. सगळ्यांचे असे होत नाही. पण डिग्री न मागणाऱ्या दारातून आत जायचे आणि आत गेल्यावर शिकत राहायचे, ही त्यांची रीत कुणालाही उचलता येईल.

पदवी कुठे अडते?

इथे खोटा दिलासा द्यायला नको. मोठ्या कंपन्यांत अर्जाच्या पहिल्या चाळणीतच पदवी विचारतात. पण ती नेहमी इंजिनियरिंगचीच हवी असे नाही. विप्रोच्या त्या योजनेचे आजचे नाव 'वर्क इंटिग्रेटेड लर्निंग प्रोग्राम'. तिच्यात बीसीए आणि बीएससीवाल्यांना घेतात, आणि गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स हे विषयही चालतात. टीसीएसही बीएससी, बीसीएवाल्यांसाठी वेगळी भरती करते. एचसीएलची 'टेकबी' योजना थेट बारावीनंतरची आहे. तिच्यात आधी प्रशिक्षण, मग नोकरी आणि सोबत पदवीचे शिक्षण मिळते. मात्र तिच्यासाठी गणित आणि चांगले गुण लागतात आणि प्रशिक्षणाला फी आहे. अशा योजनांत काही वर्षे कंपनी न सोडण्याचा करार असू शकतो. सही करण्याआधी तो घरच्यांनी पूर्ण वाचावा. अटी दरवर्षी बदलतात, म्हणून त्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरच पाहाव्यात.

बीए, बीकॉमवाल्यांना या योजनांत सहसा जागा नसते. त्यांनी छोट्या कंपन्या, टेक्निकल सपोर्ट, टेस्टिंग आणि डेटाचे काम इथून सुरुवात करावी. बीकॉमवाल्यांना हिशेब कळतो, तो डेटाच्या कामात उपयोगी पडतो.

आमच्या भागाची एक सोय आहे. नागपूर सुमारे ७५ किलोमीटरवर आहे, आणि तिथल्या मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस आणि एचसीएल तिन्ही आहेत. मुलीला एकदम पुण्या-बंगळुरूला पाठवायला घर तयार नसेल, तर निदान पहिल्या नोकरीसाठी नागपूरचा विचार होऊ शकतो.

काय शिकायचे आणि कुठे?

एकाच वेळी पाच गोष्टी सुरू केल्या की एकही पुरी होत नाही. खालीलपैकी एकच वाट निवडावी:

- वेबसाइट बनवणे: एचटीएमएल, सीएसएस, मग जावास्क्रिप्ट.
- डेटाचे काम: एक्सेल नीट, मग एसक्यूएल, मग पायथन.
- टेस्टिंग: सॉफ्टवेअर तपासण्याच्या पद्धती, एसक्यूएल, मग थोडे प्रोग्रामिंग.
- सपोर्ट आणि नेटवर्क: कॉम्प्युटरची दुरुस्ती, लिनक्स, नेटवर्किंगची मूळ तत्त्वे.

शिकण्याची चांगली साधने आज फुकट आहेत. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स, पायथन, जावा यांचे छोटे छोटे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत. एका बाजूला धडा लावायचा आणि दुसऱ्या बाजूला स्वतः करून पाहायचे. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांनी इथूनच सुरुवात करावी. सरकारच्या 'स्वयम' पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे एनपीटेलचे कोर्स आहेत. शिकायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला एका विषयाचे सुमारे १,००० रुपये पडतात. इंग्रजी जमत असेल तर हार्वर्डचा 'सीएस५०' आणि 'फ्रीकोडकॅम्प' हेही फुकट आहेत.

दहावी झालेल्यांसाठी आयटीआयमध्ये 'कोपा' नावाचा एक वर्षाचा ट्रेड असतो, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर आणि प्रोग्रामिंग असिस्टंट.

मोबाइलवर व्हिडिओ पाहता येतात, पण काम शिकता येत नाही. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला जुना लॅपटॉप पुरतो. विंडोज हळू चालत असेल तर लिनक्स फुकट टाकता येते.

इंग्रजीची भीती आम्ही वर्गात रोज पाहतो. फाडफाड बोलता येणे सुरुवातीला गरजेचे नाही. पडद्यावर आलेली चूक वाचून समजली पाहिजे आणि चार ओळींचा नीट ईमेल लिहिता आला पाहिजे. रोज अर्धा तास दिला तर वर्षभरात एवढे जमते.

नोकरीसोबत पदवीही

पुढे बढतीच्या वेळी पदवी विचारली जातेच. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्याला जेईई लागत नाही. बारावी कोणत्याही शाखेतून चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी मात्र हवे. काही आठवडे शिकवून मग पात्रता परीक्षा घेतात. अधेमधे थांबले तरी त्या टप्प्याचे प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा मिळतो, आणि कमी उत्पन्नाच्या घरांना फीत सवलत आहे. इग्नूची बीसीएही दूरशिक्षणाने करता येते. ज्यांच्याकडे दुसऱ्या विषयाची पदवी आहे आणि बारावीला किंवा पदवीला गणित होते, त्यांच्यासाठी एमसीएचा रस्ता आहे. तो आता दोनच वर्षांचा झाला आहे आणि राज्यात त्याची सीईटी होते.

डिग्री नाही, तर काय दाखवायचे?

स्वतः केलेले काम. व्हिडिओ पाहून तीच तीच नक्कल केलेली दहा कामे मुलाखतीत उपयोगी पडत नाहीत. त्यापेक्षा मोहल्ल्यातली खरी गरज शोधावी. किराणा दुकानाचा साठा आणि उधारी, शाळेची हजेरी, मशिदीच्या नमाजांचे वेळापत्रक, छोट्या वाचनालयातल्या पुस्तकांची देवघेव, यापैकी एखादे काम घ्यावे आणि ते रोजच्या वापरात येईल इतके पुरे करावे. दुकानदार जेव्हा "हे चालत नाही" म्हणतो, तेव्हाच खरे शिक्षण सुरू होते. हे काम गिटहबवर ठेवले की मुलाखत घेणाऱ्याला पाहता येते. अशी दोन-तीन कामे पुरतात.

आता एआयकडून कोड लिहून घेता येतो. म्हणूनच मुलाखतीत "ही ओळ का लिहिली?" असे विचारतात. ज्याला सांगता येत नाही, तो तिथेच थांबतो. एआयला विचारा, पण समजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पहिल्या नोकरीसाठी केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवरही नाव नोंदवावे. अप्रेंटिसला विद्यावेतन मिळते आणि हाती अनुभवाचा कागद येतो. सुरुवातीचा पगार कमी असेल. पहिले वर्ष शिकण्याचे समजावे.

फसवणूक अशी ओळखा

- नोकरीची शंभर टक्के हमी. अशी हमी प्रामाणिक माणूस देत नाही. करार मागा आणि त्यातली बारीक अक्षरे वाचा.
- 'फी हप्त्याने'. हा हप्ता बहुधा एखाद्या वित्त कंपनीचे कर्ज असते. क्लास बंद पडला, मुलाने सोडला, तरी हप्ता चालूच राहतो. त्यात व्याज आहे का, हे आपल्या घरांनी सहीआधीच विचारून घ्यावे.
- नोकरीसाठी पैसे. मोठ्या कंपन्या भरतीसाठी पैसे घेत नाहीत, आणि तसा इशाराही देतात. 'डिपॉझिट' मागणारा फोन आला की तो ठेवून द्यावा.
- खोट्या अनुभवाचा दाखला. काही जण पैसे घेऊन दोन वर्षांचा बनावट अनुभव दाखवतात. कंपन्या पीएफची नोंद पाहतात, जुन्या ठिकाणी चौकशी करतात. पकडले गेले की नोकरी जाते. आणि नाही पकडले गेले, तरी ती रोजी खोट्यावर उभी असते.

सगळे क्लास वाईट नसतात. पैसे भरायचेच असतील तर आधी तिथून शिकून गेलेल्या तीन मुलांना गाठा. त्यांची नावे क्लासकडून न घेता स्वतः शोधा. कुठे लागले आणि किती दिवसांनी लागले, एवढे विचारा.

घरच्यांसाठी

भाजीविक्रेत्या भाईंना आम्ही सांगितले की दागिने राहू द्या. त्यातल्या एका छोट्या हिश्श्यात जुना लॅपटॉप आला. त्यांच्याकडून आम्ही एक वचन मात्र घेतले: मुलीला रोज तीन तास कुणी घरकामासाठी उठवायचे नाही, आणि एक वर्ष "लागली का नोकरी?" असे विचारायचे नाही. दुसरी अट त्यांना पहिलीपेक्षा जड गेली. पाहुणे विचारतात, बिरादरीत विचारतात. मुलगी आता एसक्यूएल शिकते आहे, आमच्या शाळेची हजेरी तिने कॉम्प्युटरवर आणली आहे, आणि नागपूरला दोन मुलाखती देऊन आली आहे. दोन्हीकडे नकार आला. काय आले नाही ते तिने वहीत लिहून आणले, आणि आता त्याच प्रश्नांचा अभ्यास चालू आहे.

आपल्या घरात असे मूल असेल तर वर्षभराचा हिशेब आजच करा. रोज तीन तास, एक लॅपटॉप, एक शांत कोपरा. सहा महिन्यांनी मुलाला किंवा मुलीला एकच विचारा: "काय बनवलेस, दाखव." दाखवण्यासारखे काही असेल तर वाट बरोबर आहे. काहीच नसेल तर दुसरी वाट निवडण्यात कमीपणा नाही. आयटी हा रोजीचा एक मार्ग आहे, एकमेव मार्ग नाही.